आरशाच्या भट्टीचा घात

१

सौंसरचे नायब तहसीलदार भगवंतराव डोंगरे केशवरावांच्या शेतात बंडीतून उतरले, तेव्हा त्यांना एकामागून एक शिंका येत होत्या आणि समोर सरकारच्या यंत्राचे अवशेष पडले होते. दोहोंपैकी वैताग कशाचा जास्त, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

शिंकांचं कारण साधं होतं. आदल्या दिवशी, अमावास्येला, भर दुपारी सूर्यग्रहण झालं. ग्रहण सुटल्यावर त्यांच्या पत्नीनं, सरलाबाईंनी, त्यांना अंगणात बसवलं आणि डिसेंबरातल्या विहिरीचं पाणी डोक्यावर ओतलं. "जरा ऊन तरी कर," असं ते म्हणाले होते. "आंघोळीआधी चुलीला हात लावायचा नसतो," एवढं बोलून बाईंनी दुसरा तांब्या ओतला होता.

यंत्राचं मात्र कोडं होतं.

श्रीकांत नावाच्या तरुण इंजिनियरानं तिगावच्या अलीकडे केशवरावांच्या विहिरीवर ते उभारलं होतं. लाकडी पन्हळीत आरशाच्या पट्ट्या बसवलेल्या. त्यांचं ऊन मधल्या तांब्याच्या नळीवर पडायचं, नळीतल्या पाण्याची वाफ व्हायची, त्या वाफेवर एक लहानसं इंजीन चालायचं आणि विहिरीचं पाणी वर यायचं. लाकूड नाही, तेल नाही. त्या वर्षी पावसानं दगा दिला होता, विहिरी खोल गेल्या होत्या, आणि मोटेचे बैल धावेवरून चढउतार करून थकले तरी संत्र्याच्या बागा अर्ध्याच भिजत होत्या. ऊन तेवढं मुबलक होतं. गावानं यंत्राला नाव दिलं होतं 'आरशाची भट्टी'.

पाहणीसाठी नागपूरहून एक बडे साहेब काल संध्याकाळच्या गाडीनं यायचे होते. ते आले, आणि त्यांना दिसली फाटलेली नळी आणि फुटलेले आरसे.

"साहेब, हा घातपात आहे," श्रीकांत म्हणाला. त्याचे डोळे रात्रभर न झोपल्यासारखे लाल होते. "आरशांखाली हा गोटा सापडला."

"आणि गोटा मारणारा बी सापडला," केशवराव म्हणाले. धोतर, कोट, डोक्याला उपरणं, आवाज चढा. "आमचा मोटकरी, चिंधू. हवालदारानं कालच चौकीत नेऊन बसवला."

"कबूल केलं त्यानं?"

"कबूल कायले करन? पण भर बाजारात म्हणला होता, या भट्टीले एक दिवस गोटाच हाणतो म्हणून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सावरगाववाल्यांवर गोटे फेकते तो. नेम पक्का हाय त्याचा!"

भगवंतरावांनी रुमाल नाकाला लावला. "केशवराव, पोळ्याच्या त्या गोटमारीच्या जत्रेत निम्मं पांढुर्णं गोटे फेकतं. निम्मं पांढुर्णं चौकीत बसवता का?"

श्रीकांतनं त्यांना बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "नागपूरचे साहेब पांढुर्ण्याच्या डाक बंगल्यात आहेत. आज संध्याकाळच्या गाडीनं परत जातील. ते स्पष्टच म्हणाले, घातपात असेल तर नवी नळी मंजूर करतो. यंत्र आपणहून फुटलं असेल तर प्रयोग इथंच बंद."

म्हणजे चिंधू गुन्हेगार ठरला तर श्रीकांतची सोय, केशवरावांची सोय, साहेबांची सोय. गैरसोय फक्त चिंधूची, आणि त्याची बायको भरल्या दिवसांची.

२

भगवंतराव वाकून यंत्र पाहू लागले. यंत्रातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, आणि ही गोष्ट ते कोणाला कळू देत नसत. पण नळीचा काळानिळा पडलेला रंग पाहून त्यांना घरचं एक भांडं आठवलं. चुलीवर विसरलेलं, पाणी आटून करपलेलं.

"ही नळी कोरडी तापली काय हो?"

श्रीकांत चपापला. "दिसतं तसंच. पण ते शक्य नाही. ही बघा टाकी."

चौथऱ्यावर लोखंडी टाकी होती, गोणपाटात गुंडाळलेली. तिच्या तळातून एक बारीक नळी निघून तांब्याच्या नळीला पाणी पुरवत होती. बाजूला एक तोटी. वापरलेली वाफ पुन्हा या टाकीतच येऊन थंडावत असे, म्हणजे पाणी वाया जात नसे.

"काल ग्रहण सुटलं तशी मी टाकीच्या काचनळीत पातळी पाहिली. काठोकाठ. झडप उघडी. आरसे उन्हाकडे फिरवले आणि सायकलनं साहेबांना आणायला स्टेशनावर गेलो. परतलो तेव्हा हे असं. आणि टाकी तेव्हाही काठोकाठच! आत्ताही आहे. पाणी असताना नळी कोरडी कशी पडेल?"

"थांबा. भट्टी पेटवून तुम्ही स्टेशनावर निघून गेलात?"

"ती पेटवावी लागत नाही साहेब, हेच तर तिचं..."

"पेटवा नाही तर फिरवा! राखणीला कोण होतं?"

"केशवराव. कोणाला हात लावू देऊ नका, असं बजावून गेलो होतो. त्यांनी शब्द दिला होता."

भगवंतरावांनी सुस्कारा टाकला. नागपूरला पत्र लिहिलं तर उत्तर येत नव्हतं, कारण राज्यांच्या फेररचनेचा अहवाल आल्यापासून नागपूरच्या कचेऱ्यांत प्रत्येक जण आपली खुर्ची उद्या कुठल्या राज्यात असेल याच्या विचारात होता. भोपाळला लिहावं तर ते अजून आपलं झालं नव्हतं. आणि अशा दिवसांत सरकारचं एकुलतं एक यंत्र एका शब्दावर सोडून हा मुलगा सायकलवर बसून गेला होता.

"परत आल्यावर तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? वेड्यासारखा चाचपत बसलो. नळीला हात लावला, भाजला. टाकीला हात लावला, थंडगार. मग साहेब काहीतरी बोलले, आणि..."

"टाकी थंड असते एरवी?"

"नाही," श्रीकांत सावकाश म्हणाला. "सकाळी यंत्र चालवून पाहिलं होतं. तेव्हा हात ठेववत नव्हता. गोणपाटामुळे संध्याकाळपर्यंत ती गरम राहते."

भगवंतराव त्या गोट्याकडे वळले. चपटा, चांगला जड. एका बाजूनं त्यावर गंजाची गोल रेघ उमटलेली. गोट्यावर काचेचा ओरखडा नव्हता, आणि आरशांचे तुकडे त्याच्या खाली नव्हते, वर पडले होते.

म्हणजे आरसे फुटले तेव्हा गोटा आधीच जमिनीवर होता. त्यांनी तो उचलून टाकीच्या झाकणावर ठेवला. गंजाची रेघ झाकणाच्या कडीवर बरोबर बसली. रोज झाकणावर दिसणारा गोटा श्रीकांतनं खाली पाहून ओळखलाच नव्हता.

"हा फेकलेला नाही," ते म्हणाले. "हा झाकणावरून काढून ठेवलेला आहे. कोणीतरी टाकी उघडली होती."

३

चौकीत चिंधू भिंतीला टेकून बसला होता. काटक, तिशीचा माणूस, तळहात मोटेच्या नाड्यानं कातड्यासारखे झालेले.

"गोटा हाणतो म्हणला होतास?"

"म्हणलो होतो जी. भट्टी चालली त मोट बंद. मोट बंद त मी काय हवालदारासारखा खुर्चीवर बसू?"

हवालदार खुर्चीवरून अर्धा उठला आणि पुन्हा बसला.

"ग्रहणात आणि त्यानंतर कुठं होतास?"

"घरात. अंधारात. बायकोचे दिवस भरत आले. ती म्हणे, मले एकटी सोडू नको, काही कापू नको, काही चिरू नको, हलू बी नको. मी आपला मारुतीसारखा बसून राहिलो. ग्रहण सुटल्यावर बैल पाण्यावर आणले त धडाड् करून आवाज झाला. धावत गेलो. मीच पहिला गेलो म्हणून मीच चोर!"

"तुला पाहणारं कोणी?"

"बायको."

"आणखी?"

"ग्रहणात कोण कोणाले पाहते साहेब? सारं गाव दारं लावून बसलं होतं."

त्यातच तर सगळा त्रास होता. पुढे भगवंतराव पांढुर्ण्यात तेलाच्या इंजिनांचा दलाल वसंत याला भेटले. भट्टी चालली तर त्याचं गिऱ्हाईक जाणार, म्हणून संशय घ्यायला जागा होती. पण तोही घरातच होता, दार लावून. जाडसर, हसऱ्या चेहऱ्याचा वसंत त्यांना पाहून उलट खुशीत आला.

"मी इंजीन विकतो जी, भट्ट्या फोडत नाही. फोडायची गरज काय? आता कसा बरोबर माह्या दुकानी येऊन राहिला केशवराव. आज सकाळीच माणूस पाठवला, भाव काय म्हणून."

"आज सकाळी? चौकशी व्हायच्या आधीच?"

"त्याले घाई हाय. बाग सुकून राहिली. पण एक सांगू का साहेब? भट्टीची टिंगल करण्यात सगळ्यात पुढं केशवरावच. म्हणे, या उन्हाच्या भट्टीवर माह्या अंघोळीचं पाणी बी तापणार नाही!"

वसंत स्वतःच्याच बोलण्यावर हसला. भगवंतरावांनाही हसू आलं असतं, पण तेवढ्यात शिंक आली. नाक पुसता पुसता ते एकदम थांबले, आणि बंडीवाल्याला म्हणाले, "परत फिरव. केशवरावांच्या घरी."

४

केशवरावांचं घर शेतातच होतं, विहिरीपासून हाकेवर. ओसरीत त्यांचे वडील बापूजी घोंगडी पांघरून बसले होते. दम्यानं म्हाताऱ्याची छाती भात्यासारखी वाजायची. आतून पोरांचा कालवा ऐकू येत होता. केशवरावांचे दोन भाऊ, त्यांच्या बायका, लेकरं, सगळं एकत्र होतं. धाकटी भावजय सुधा चहा घेऊन आली.

भगवंतरावांनी ओसरीवरून घराकडे नीट पाहिलं. पाण्याचे हंडे, घागरी, रांजण ओळीनं मांडलेले, आणि प्रत्येकाच्या तोंडाशी दर्भाची काडी अजून तशीच होती. ग्रहणात साठवणीचं पाणी बाधतं. मग एक तर ओतून द्यावं, नाही तर त्यात दर्भ टाकावा. ज्या गावात घागरीसाठी भांडणं होतात तिथं पाणी ओतणार कोण?

"तुमच्या घरी कोणाला पडसं नाही?" त्यांनी विचारलं.

केशवराव चक्रावले. "पडसं? कायचं पडसं?"

"काल ग्रहण सुटल्यावर सगळ्यांनी आंघोळी केल्या ना? लेकरांनीसुद्धा?"

"केल्या. त्यात काय?"

"सौंसरात माझं अर्धं ऑफिस आज शिंकतंय. मी शिंकतोय. इथं हे बापूजी, दम्याचे, आणि मजेत चहा पिताहेत."

बापूजींना ऐकू कमी येत असे, पण स्वतःचं नाव बरोबर ऐकू येई. ते खूश होऊन म्हणाले, "मस्त झाली जी आंघोळ! कढत पाणी! अशी आंघोळ दिवाळीले बी नाही झाली. मी त दोन बाल्ट्या..."

"बाबा, चहा घ्या तुमचा!" केशवराव ओरडले.

दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"कढत," भगवंतराव म्हणाले. "बंब पेटवला होता?"

"हो. पेटवला होता."

"आंघोळीच्या आधी? ग्रहणातून सुटल्यावर, पारोशा हातानं तुमच्या घरात विस्तव केला?"

केशवरावांनी हो म्हणावं तर घराण्याचा आचार बुडाला, आणि आत घरातल्या बायका ऐकत होत्या. नाही म्हणावं तर पाणी तापलं कशानं?

५

संध्याकाळच्या गाडीला थोडाच अवकाश असताना नागपूरचे साहेब वैतागूनच शेतात आले. हवालदार चिंधूला घेऊन आला. केशवराव खांबासारखे उभे होते.

"लवकर आटपा," साहेब म्हणाले. "घातपात की दोष?"

"दोन्ही नाही," भगवंतराव म्हणाले. आपण सगळं चुकीचं जुळवलं असेल, अशी धाकधूक त्यांना अजूनही होती, आणि म्हणून ते नेहमीपेक्षा चढ्या आवाजात बोलत होते. "श्रीकांतराव, टाकीखालची बारीक नळी सोडवा."

श्रीकांतनं पान्हा लावला. नळी सुटली, पण टाकी भरलेली असूनही पाण्याची धार आली नाही. थेंब थेंब फक्त. त्यानं तार घालून ओढली, आणि बोटभर लांबीचा, गाठ मारलेला दर्भाचा जुडगा बाहेर आला. पाठोपाठ पाणी भसकन आलं आणि साहेबांचे बूट भिजले.

"हे गवत आत घातलं कोणी?" साहेब मागे सरत ओरडले.

"गवत नाही, दर्भ आहे. ग्रहणाआधी घरातल्या सगळ्या पाण्यात पडला, तसा टाकीतही. तेव्हा गोटा झाकणावरून खाली आला. दर्भ पाण्यावर तरंगत होता, काही बिघडलं नव्हतं. श्रीकांतराव स्टेशनावर गेले आणि घरच्यांना आंघोळीची वेळ झाली. चूल पेटवायची नाही, हवा गार, लेकरं लहान, म्हातारा दम्याचा. आणि इथं तोटीला कढत पाणी तयार! सगळं घर या टाकीवर न्हालं. पाणी तळाला गेलं तसा दर्भही तळाला गेला आणि नळीत ओढला गेला. मग टाकी पुन्हा विहिरीच्या पाण्यानं भरली, म्हणून भरलेली आणि म्हणून थंडगार. वर पाणी, मध्ये दर्भ, खाली कोरडी नळी, आणि तिच्यावर ऊन. घरातल्या प्रत्येक भांड्यात दर्भ आहे. या टाकीत तेवढा दिसत नव्हता."

"खोटं हाय," केशवराव पुटपुटले, पण ते नुसते ओठ हलवणं होतं.

तेवढ्यात घराकडून एक ठेंगणी बाई डोक्यावरचा पदर सावरत तरातरा आली. केशवरावांची बायको, अंबाबाई.

"खोटं काऊन बोलता? दर्भ म्या टाकला. मले वाटलं, सरकारचं पाणी म्हणून काय झालं, बाधलं त ओतून टाकतीन. एवढं पाणी!"

"बाई, काल हवालदारानं तुम्हाला विचारलं नव्हतं?" भगवंतरावांनी विचारलं.

"इचारलं ना. मशीनले हात लावला का म्हणे. म्या म्हणलं, नाही. मी कायले मशीनले हात लावू? टाकी काय मशीन हाय? टाकी म्हणजे पाणी! आन् आंघोळीचं यायनं सांगितलं." तिनं नवऱ्याकडे बोट दाखवलं. "म्हणले, इंजिनियर यायच्या आत टाकी भरून ठेवा, कोणाले सांगू नका. आम्ही जावा-जावांनी बाल्ट्या वढून वढून भरली. एक थेंब कमी नाही ठेवला सरकारचा."

मग तिची नजर चिंधूवर गेली. दोरी नव्हती, पण हवालदाराचा हात त्याच्या दंडावर होता.

"याले कायले धरलं?" तिनं विचारलं. हवालदारानं फुटलेल्या आरशांकडे मान हलवली. "याले यासाठी धरलं? मले त हे म्हणले, दारू पिऊन भांडला म्हणून!"

केशवराव जमिनीकडे पाहत म्हणाले, "मले काय माहीत दर्भाचं? टाकी त परत भरली होती. मले वाटलं, भट्टी दुसऱ्याच कशानं फुटली. आंघोळीचं कोणत्या तोंडानं सांगू? साऱ्या बाजारात टिंगल केली होती म्या."

"म्हणून माणूस चौकीत?" भगवंतराव एवढ्या जोरात ओरडले की त्यांनाच खोकला आला. हवालदारानं दंडावरचा हात काढला.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "सगळं ठीक. पण मी लिहू काय? घातपात नाही, म्हणजे नवी नळी नाही. यंत्राचा दोष नाही, म्हणजे बंद करायला कारण नाही. आणि तसंही पुढच्या वर्षी हा जिल्हा माझ्याकडे नाही."

श्रीकांत मात्र त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो अंबाबाईंसमोर जाऊन उभा राहिला होता. "काकू, सगळ्यांच्या आंघोळी झाल्या? शेवटच्यालाही गरम पाणी मिळालं?"

"गरम? विसण घालावं लागलं रे बाबा. नाही त लेकरं पोळली असती."

"विसण घालावं लागलं," श्रीकांत स्वतःशीच म्हणाला. "ग्रहण होतं. सूर्य अर्ध्याहून जास्त झाकला होता. तरी सकाळच्या पाण्याला विसण घालावं लागलं." मग तो साहेबांकडे वळला. "साहेब, नळीच्या तोंडाशी जाळी बसवायला हवी होती. ती मी बसवली नाही. चूक माझी. हेच लिहा. आणि हेही लिहा की एका घरातल्या सगळ्या माणसांचं पाणी लाकूड न जाळता तापलं. नळी मी माझ्या खर्चानं आणतो."

"ते मी लिहू शकतो," साहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा थोडा सैल झाला. "अर्थात, वाचणार कोण, ते मला विचारू नका." ते बंडीत बसले आणि गेले.

चिंधू अजून तिथंच उभा होता.

"घरी जा बाबा," भगवंतराव म्हणाले. "बायको वाट पाहत असेल."

"जातो जी. पण ती मले उंबऱ्याच्या आत घेणार नाही." त्यानं मान खाजवली. "बैल पाजायले आणले, त्यातच धरून नेलं. ग्रहणाची आंघोळ राहिली माही. बाळंतीण व्हायची बाई, अशात पारोशानं कसा जाऊ?"

अंबाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. केशवरावांनी कोट काढला, विहिरीच्या कठड्यावर ठेवला, आणि बंब स्वतः अंगणात आणला. त्यांना विस्तव करता येत नव्हता. गोवऱ्या ओल्या होत्या. ते गुडघ्यांवर बसून फुंकत राहिले, धुरानं डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं, आणि ओसरीवरून बापूजी ओरडून ओरडून सांगत होते की फुंकणी उलटी धरली आहे.

चिंधू विहिरीजवळच्या दगडावर अवघडून बसला होता. "मालक, राहू द्या जी. थंडं चालते मले."

"बस तू," केशवराव खोकत म्हणाले, आणि पुन्हा फुंकू लागले.